सुकाणू आमचं, साथीदार त्यांची

"बोट एक, आणि तिच्यातल्या दोघी दोन वेगळ्या ठिकाणच्या?" पर्लने विचारलं.

सबनीस सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खुळ्यासारखा प्रश्न तिनेच विचारला असावा अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"तडजोड आहे ती, पर्ल. तडजोडीत दोन्हीकडचं थोडं थोडं घ्यावं लागतं."

"सर, ही भेळ नाहीये," मी म्हटलं.

"प्रणिता, तू तर बोलूच नकोस. तुझं नाव आलंय यादीत. सुकाणू आपल्याकडे राहावं म्हणून मी दोन दिवस त्या सहगलशी भांडलोय. त्यांना सुकाणू हवं होतं. मी म्हटलं, साथीदार घ्या तुमची, पण सुकाणू आमचं. घसा बसला माझा."

खरंच बसला होता. त्यांनी खिशातून खडीसाखरेचा खडा काढून तोंडात टाकला.

कुलाब्याच्या एका सेलिंग क्लबच्या हॉलबाहेर आम्ही तिघं उभे होतो. आत टाळ्या, फोटो आणि सामोसे चालू होते. राष्ट्रीय शिडनौका महासंघाचे दोन गट बऱ्याच काळानंतर एका छताखाली आले होते आणि त्यांना त्याचंच फार कौतुक वाटत होतं.

वर्षभरापासून आमच्या देशात शिडाच्या बोटींचे महासंघ दोन होते. नाव एकच, बोधचिन्ह एकच, आणि खरा कोण यावर दोघांचा कोर्टात दावा. एक गट सरचिटणीस दिगंबर सबनीसांचा, मुंबईचा. दुसरा अध्यक्ष बलजीत सहगल यांचा, दिल्लीचा. दिल्लीत समुद्र नाही, पण महासंघ चालवायला समुद्र लागतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मस्कतला आशियाई पात्रता स्पर्धा होणार होती. तिथून ऑलिंपिकची वाट उघडत होती. मग दोन्ही गटांनी आपापली निवड चाचणी जाहीर केली, सबनीसांनी मुंबईत, सहगलांनी हैदराबादला, एकाच आठवड्यात. आणि दोघांनीही बजावलं, की जो खेळाडू त्यांच्या चाचणीला जाईल, तो आमच्यासाठी मेला.

मी उरणजवळच्या करंजाची. पर्ल रुमाव वसईची. आम्ही मुंबईत खेळलो आणि जिंकलो. हैदराबादला अमूल्या आणि नौशीन नावाच्या दोन मुली जिंकल्या. आमच्यात जास्त चांगलं कोण, हे देशात कुणालाच माहीत नव्हतं, कारण आम्हाला एकमेकींसमोर येऊच दिलं नव्हतं. शेवटी कोर्टाने दोघांना दटावलं, की एकच संघ पाठवा. तो एक संघ आज जाहीर झाला होता.

सुकाणू प्रणिता तांडेल, मुंबई. साथीदार नौशीन फातिमा, हैदराबाद.

आमची बोट दोघींची असते. मागे बसते ती सुकाणू आणि मोठं शीड सांभाळते, ती मी. पुढची मुलगी कमरेच्या पट्ट्याला तार अडकवून बोटीबाहेर आडवी होते आणि स्वतःच्या वजनाने बोट सरळ ठेवते, ती पर्ल. वारा वाढला की मी तोंड उघडायच्या आत ती बाहेर गेलेली असायची. शिडाची दोरी मी किती ओढणार, हे तिला माझ्या आधी कळायचं. हे सगळं जमायला आम्हाला सहा वर्षं लागली होती. मस्कतची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. आणि नौशीन फातिमा ही बाई मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"सर, तुम्ही स्वतः बोटीत बसलायत ना कधीतरी?" पर्लने विचारलं.

"अगं, मी पश्चिम किनारपट्टीचा विजेता होतो!"

"मग तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं गं," सबनीस सर म्हणाले. आवाज जरा खाली आला. "पण सुकाणूही गमावलं असतं, तर आपल्याकडे काय राहिलं असतं? आणि हे बघ, तू राखीव आहेस. नौशीन गेली नाही तर तू. प्रणिता गेली नाही तर त्यांची ती अमूल्या. सगळं कसं बरोबर निम्मं निम्मं केलंय." आतून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ते खडीसाखर चघळत गेले.

पर्ल माझ्याकडे वळली. ती रडेल असं मला वाटत होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"तू जा," ती म्हणाली.

"काय?"

"मस्कतला. जा तू. माझ्यामुळे थांबू नकोस."

"पर्ल, मूर्खासारखं बोलू नकोस."

"यात मूर्खासारखं काय आहे? दोघी मागे राहण्यापेक्षा एक गेलेली बरी."

माझं टाळकं सरकलं. सबनीसांचा राग आला होताच, पण तो ओळखीचा होता, थंडीतापासारखा येऊन जाणारा. पर्लचा असा समजूतदारपणा मला सहन होत नव्हता. तिने माझ्याशी भांडायला हवं होतं. "मी नौशीनबरोबर गेले, तर पहिल्या वळणाला बोट उलटी करीन," मी म्हटलं.

"मग उलटी कर. पण जा."

आम्ही गच्चीवर गेलो. समोर बंदर पसरलं होतं, नांगरलेली जहाजं, एलिफंटाकडे निघालेल्या लाँचेस. वायव्येचा वारा नुकताच धरला होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या होत्या. अशा वाऱ्यात आम्ही खरं तर पाण्यात असायला हवं होतं. त्याऐवजी आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो.

"प्रणिता तुमीच ना जी?"

मागे दोन मुली उभ्या होत्या. एक उंच, रापलेली, केसांची घट्ट वेणी घातलेली. दुसरी ठेंगणी, खांद्याने भरभक्कम, हातात सामोशाची बशी. उंच ती अमूल्या. सामोसेवाली नौशीन, माझी तीन आठवड्यांची जन्मजन्मांतरीची साथीदार. नौशीनला तिच्या उस्मानाबादच्या आजीमुळे थोडं मराठी येत होतं. अमूल्या हिंदीत बोलायची, पण ते हैदराबादचं हिंदी, मला सवयीचं वाटायला वेळ लागला नाही.

"मला आधी एक सांगायचंय," नौशीन म्हणाली. "मी हे मागितलं नव्हतं. मला सकाळी कळलं."

"आम्हालाही आत्ताच कळलं," पर्ल म्हणाली.

"आमच्या अध्यक्षांना मी विचारलं, सर, मी हिच्याबरोबर कधी बसले पण नाही. ते म्हणाले, बेटा, देशासाठी ॲडजस्ट करो." तिने बशी पुढे केली. "घ्या. हे एकच चांगलं आहे तिथलं."

कुणीच हसलं नाही, पण सामोसे सगळ्यांनी घेतले. मग आम्ही चौघीही एकदम बोलायला लागलो. वर्षभरात काय काय झालं ते. अमूल्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका गटाने मंजूर केला होता आणि दुसऱ्याने रद्द. आमच्या शिबिराला पाठवलेली बोट दुसऱ्या गटाने गुजरातमध्येच अडवून ठेवली होती. राग एकाच जातीचा निघाला, की माणसं फार लवकर जवळ येतात. तासाभरापूर्वी मी जिचं नाव ऐकून दात खाल्ले होते, तिच्या बशीतली चटणी मी बोटाने पुसून खात होते.

अमूल्या मात्र फार बोलत नव्हती. ती कठड्याला पाठ लावून उभी होती. एकदम म्हणाली, "राखीवची गोष्ट तुम्ही नीट ऐकलीत का?"

"निम्मं निम्मं," मी म्हटलं.

"हो. पण बघा. तू नाव मागे घेतलंस, तर तुझ्या जागी मी. म्हणजे मी आणि नौशीन. नौशीनने मागे घेतलं, तर तिच्या जागी पर्ल. म्हणजे तुम्ही दोघी." ती थांबली. "एकीने मागे घेतलं, की अख्खी जोडी जाते. त्यांच्या लक्षातच नाही आलं."

 इतकं सोपं होतं ते. आत टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या लोकांनी दोन दिवस बसून, घसे बसवून, स्वतःच्याच नकळत एक दार उघडं सोडलं होतं.

"पण मागे कुणी घ्यायचं?" पर्लने विचारलं.

अमूल्याने मान वळवून पाण्याकडे बघितलं. वारा आता चांगला भरला होता.

"आमची बोट फोटोसाठी इथेच आणलीय," ती म्हणाली.

पुढचं कुणाला बोलावं लागलं नाही.

सरावाला जातोय असं सांगून आम्ही दोन्ही बोटी पाण्यात उतरवल्या. कुणाच्या तरी परदेशी गेलेल्या यॉटचा पांढरा बोया बंदरात रिकामा तरंगत होता, तो आमचा वरच्या टोकाचा बोया. क्लबच्या धक्क्यासमोरची ओळ हीच सुरुवात आणि हाच शेवट. तीन शर्यती, दोन जिंकेल ती जोडी मस्कतला. पहिल्या शर्यतीनंतर बोटी अदलाबदल करायच्या, म्हणजे बोटीचं निमित्त नको. पंच कुणी नव्हता. नौशीनने मोठ्याने उलटे आकडे मोजले आणि शून्याला आम्ही सुटलो.

पहिली शर्यत आम्ही जिंकलो, सहज. हे आमचं पाणी होतं. वारा कुठल्या जहाजाआड मरतो आणि कुठे जिवंत होतो, हे आम्हाला पाठ होतं. परत येताना पर्ल तारेवर आडवी होऊन गात होती. दुसऱ्यात त्यांनी आम्हाला असं मागे टाकलं, की मला पहिल्यांदा कळलं, हैदराबादच्या तलावात ह्या मुली काय शिकल्यात. तलावातला वारा क्षणोक्षणी फिरतो. अमूल्या प्रत्येक झुळुकीला वाचत होती. आम्ही एक सरळ रेघ मारायचो, तेवढ्यात ती तीन वेळा वळलेली असायची.

तिसऱ्या शर्यतीआधी आम्ही पुन्हा आपापल्या बोटीत आलो. ओहोटी लागली होती आणि पाणी दक्षिणेकडे जोरात ओढत होतं.

"बोयाजवळ वाहवत जाऊ," पर्ल म्हणाली. "वरून मोठा वळसा घे."

"घेते."

पण मी घेतला नाही. आम्ही बोयापाशी आलो तेव्हा अमूल्या आमच्या जरा मागे होती, आणि मला तेवढंसुद्धा अंतर सोडायचं नव्हतं. मी बोया अगदी जवळून घेतला. पर्ल तारेवरून आत आली आणि परतीच्या वाऱ्यासाठी पुढचं फुग्यासारखं शीड उघडायला वाकली. मी पुढे बघत होते. बोट वळली, शिडाची आडवी काठी बाहेर गेली, शीड भरलं. आम्ही पुढे होतो. आता फक्त वाऱ्याबरोबर खाली उतरायचं होतं. मस्कत मला समोर दिसत होतं, आमच्या क्लबच्या धक्क्याच्या जागी.

"लागला," पर्ल म्हणाली.

"काय?"

"बोयाला. काठीचं टोक लागलं."

आमच्या खेळात बोयाला स्पर्श झाला, की शिक्षा म्हणून बोटीने तिथेच एक पूर्ण गोल फिरायचा असतो. पंच असोत नसोत, स्वतःहून. मी मागे पाहिलं. अमूल्या आणि नौशीनच्या आणि बोयाच्या मध्ये आमचं शीड होतं. त्यांना काही दिसलेलं नव्हतं. त्या वळणाच्या तयारीत होत्या.

"नक्की?"

"घासला. मी पाहिलं."

"जोरात लागला?"

"लागला प्रणू. जोरात आणि हळू असं नसतं त्यात."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढच्या शिडाची दोरी हातात धरून, ते न उघडता, माझ्याकडे बघत होती. मस्कत तिचं होतं. मी हरले असते तरी यादीत माझंच नाव होतं, मनात आणलं असतं तर अजूनही गेले असते. आम्ही हरलो, तर ती संपली. आणि तीच सांगत होती.

मी शिवी दिली. कोणाला ते आठवत नाही. मग सुकाणू लोटलं आणि बोट गोल फिरवली. शीड फडफडलं, बोट जागच्या जागी मेली, ओहोटीने आम्हाला भलतीकडे ओढलं. आम्ही फिरून सरळ होईपर्यंत अमूल्या आमच्या बाजूने निघून गेली होती. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. आम्ही का फिरतोय, हे तिला कळलं नव्हतं.

खालपर्यंत आम्ही त्यांना जवळजवळ गाठलं. पर्लने पुढचं शीड असं खेळवलं, की तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बोटीच्या निम्म्या लांबीने हरलो.

धक्क्यावर अमूल्याने विचारलं, "गोल का फिरलात?"

"बोया लागला," पर्लने सांगितलं.

 नौशीनने पर्लला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मग तिने फोन काढला आणि चौघींचा फोटो घेतला. त्या फोटोत तिघी हसतायत. मी नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी पर्लला जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात एवढंच, की तुला संत व्हायचं होतं तर एकटीने व्हायचं होतंस, मला बरोबर घेऊन नाही. ती म्हणाली, "तुला वरून वळसा घे म्हटलं होतं." तेही खरं होतं, म्हणून मी आणखी भडकले. चर्चगेटला ती वसईच्या गाडीकडे गेली, मी उरणची लाँच पकडायला उलटी फिरले, आणि पुढचा जवळजवळ दीड महिना आम्ही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सबनीस सरांना सांगितलं, की मी मस्कतला जाणार नाही.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे सुकाणूही त्यांच्याकडे?"

"हो."

"साथीदारही त्यांची, सुकाणूही त्यांचं?"

"सर, ती एकाच बोटीतली जोडी आहे."

"अगं पण मग आपलं काय उरलं?"

 त्यांनीच कारणाच्या जागी 'तब्येत' लिहिलं. मी ते तसंच राहू दिलं. त्या वेळी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मस्कतला अमूल्या आणि नौशीन दुसऱ्या आल्या. पात्र ठरल्या. त्या आनंदात नौशीनने तो चौघींचा फोटो सगळीकडे टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची खरी निवड चाचणी इथे झाली.' बिचारीने प्रेमाने लिहिलं होतं. आठवड्याभरात मला आणि पर्लला दिल्लीला शिस्तपालन समितीपुढे हजर राहायचा हुकूम आला. आरोप असा, की महासंघाच्या मान्यतेशिवाय निवड चाचणी भरवली. अमूल्या आणि नौशीनला बोलावलं नव्हतं. त्या देशाचा अभिमान होत्या.

दिल्लीला जाताना गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. पर्लने डबा उघडून चपातीचा रोल माझ्यापुढे धरला. मी घेतला. त्यापलीकडे काही झालं नाही.

समितीत दोन्ही गट होते. सहगल मधल्या खुर्चीत, गुबगुबीत, पांढरी मिशी कातरलेली. शेजारी सबनीस सर. दोघांना इतक्या प्रेमाने शेजारी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. टेबलावर मोतीचुराच्या लाडवांचा मोठा खोका उघडा होता, पात्रतेच्या आनंदाचा. सहगलांनी सुरुवातीलाच सांगितलं, की महासंघाच्या दूरदृष्टीच्या निवड धोरणामुळे देशाला हे यश मिळालं. सबनीस सर म्हणाले, की दोन्ही गटांनी दाखवलेल्या समतोलाचं हे फळ आहे. मी पर्लकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

मग सहगलांनी फोटोची प्रत समोर ठेवली.

"ये रेस किसने करवाई?"

"कुणी करवली नाही," मी म्हटलं. "आम्ही केली."

"अंपायर कौन था?"

"कुणी नव्हतं."

"विटनेस?"

"कुणी नाही."

"तो फिर हारा कौन, ये किसने तय किया?"

"आम्हीच."

त्यांनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीस सर पुढे झाले आणि मराठीत, आपुलकीने बोलले. "हे बघा पोरींनो, हे वाढवायची कुणाचीच इच्छा नाही. देशाला यश मिळालंय, सगळे खूश आहेत. तुम्ही एवढंच म्हणा, की तो सराव होता. आणि प्रणिता, तू तब्येतीमुळे नाव मागे घेतलंस, तसं कागदावर आहेच. विषय इथे संपतो. नाहीतर," त्यांनी हात पसरले, "चाचणी होती असं म्हटलंत, तर महासंघाची निवड खोटी ठरते. मग दोन वर्षांची बंदी. दोघींना. पर्लला तर काही कारण नसताना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तब्येतीचं कारण माझं होतं, ते मीच उच्चारायचं होतं. दोन शब्द. त्यानंतर लाडू खाऊन परत.

त्या दीड महिन्यात मी ती शर्यत शेकडो वेळा डोक्यात फिरवली होती, आणि प्रत्येक वेळी पर्लला गप्प बसवलं होतं. कधी तिला दिसलंच नाही असं केलं, कधी बोया थोडा लांब नेला. प्रत्येक वेळी आम्ही जिंकलो होतो. आता ती शर्यत झालीच नाही असं म्हणायची वेळ आली, तेव्हा मात्र मला ती हवी झाली. तो वारा, ती ओहोटी, अमूल्याचं ते तीनदा वळणं, पर्लने शेवटी खेळवलेलं शीड. वर्षभरात तेवढी एकच गोष्ट खरी झाली होती. ती ह्या टेबलावर, लाडवांच्या खोक्याशेजारी, सराव म्हणून सोडून द्यायची?

"तब्येत चांगली होती माझी," मी म्हटलं. "शर्यत झाली. आम्ही पुढे होतो. आमची काठी बोयाला लागली, म्हणून आम्ही शिक्षेचा गोल फिरलो आणि हरलो. त्या दोघी आमच्यापेक्षा चांगल्या निघाल्या. म्हणून त्या गेल्या. तुम्ही पाठवलंत म्हणून नाही."

"बोयाला लागली, हे कुणी पाहिलं?" सबनीस सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेवटी ते एकेकाळी बोटीत बसलेले होते.

"मी," पर्ल म्हणाली.

"आणि तू सांगितलंस?"

"हो."

सबनीस सर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने उगाचच पुसत बसले. मला एक क्षण वाटलं, की ते काहीतरी बोलतील. सहगलांनी घड्याळात पाहिलं. सबनीस सरांनी चष्मा लावला आणि मान खाली घातली.

दोन वर्षांची बंदी एकमताने झाली. माझ्या आठवणीत दोन्ही गटांचं एकमत झालेला तो एकमेव ठराव. अमूल्याने पुढे ऑलिंपिकमध्ये काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे फारसं काही नाही, पण ती तिथे होती, नौशीनबरोबर, तिच्याच बोटीत. तिने बंदीविरुद्ध पत्रं पाठवली, नौशीनने मुलाखतीत आमची नावं घेतली, काही उपयोग झाला नाही. बंदी उठली तेव्हा आमच्या बोटीच्या प्रकारात नव्या मुली आल्या होत्या. आम्ही आणखी तीन वर्षं खेळलो आणि देशाकडून कधीच गेलो नाही. आता मी करंजाला मुलांना शीड शिकवते. पर्ल अर्नाळ्याला. दोन्ही गटांचा कोर्टातला दावा अजून चालू आहे.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. ठराव वाचून झाला आणि आम्हाला जायला सांगितलं. मी उठले. मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. दारापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं, की पर्ल मागेच आहे.

ती टेबलापाशी उभी होती. सहगलांच्या समोरून हात घालून तिने खोक्यातले दोन लाडू उचलले, एक या हातात, एक त्या हातात. कुणी अडवलं नाही. 

बाहेर व्हरांड्यात तिने एक माझ्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "आपल्याच दोघींमुळे वाटतायत हे लाडू."